तिसऱ्या पायरीवरचा दम

एका जुन्या परदेशी चित्रपटातल्या म्हाताऱ्या नटांवर माझ्या भाऊजींनी जेवढं प्रेम केलं, तेवढं त्या नटांवर त्यांच्या घरच्यांनीही केलं नसेल, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे बदलापूर गावातले, नोकरी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत, राहायला तिथल्याच बुवापाड्याच्या चाळीत. तरुणपणी एकदा ते उल्हासनगरला हिंदी सिनेमा बघायला गेले, तिकिटं संपली होती, म्हणून शेजारच्या थिएटरात जे काही लागलं होतं त्यात जाऊन बसले. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं आणि पुढे आयुष्यभर कळलं नाही. पण त्या दुपारी ते जे पडद्यावरच्या अंतराळयानात चढले ते कधी खाली उतरलेच नाहीत. यान एका परक्या चंद्रावर बंद पडतं, आणि पन्नाशीचा कप्तान, एक डॉक्टरीणबाई आणि एक लोखंडी यंत्रमानव ते दुरुस्त करून परत आणतात, एवढीच त्या चित्रपटाची गोष्ट. भाऊजी ती आणखी थोडक्यात सांगत. "तिघांनी मिळून कंपनी बंद पडू दिली नाय," ते म्हणत, आणि बुवापाड्यात हे ऐकणाऱ्याला अधिक काही समजावून सांगावं लागत नसे.

नटांची खरी नावं चाळीत कोणालाच उच्चारता येत नव्हती, त्यामुळे ते भूमिकेच्या नावानेच ओळखले जात. यंत्रमानवाला पोरं 'पत्र्या' म्हणत. भाऊजींना हे अजिबात खपत नसे. आत वयस्कर माणूस आहे, मानाने बोला, असं बजावून त्यांनी त्याचं 'पत्रेकाका' केलं आणि सगळ्या चाळीकडून म्हणवून घेतलं. ऐंशीच्या सुमारास व्हिडिओ आला आणि चाळीतल्या सत्यनारायणाला पूजा, तीर्थप्रसाद आणि मग भाड्याच्या व्हीसीआरवर सिनेमा असा क्रम ठरला. हिंदी सिनेमाच्या आधी भाऊजींचा सिनेमा लागे. बायका कुरकुरत, पण बघत. पाच-सहा वर्षांनी अशी पाळी आली की शेजारच्या आजी प्रसादाचा शिरा हलवता हलवता आतून विचारत, "पत्रेकाका शिडीवर चढले का गो? चढले की मला हाक मारा."

सिनेमा संपला की शेवटची नामावली पूर्ण वर जाईपर्यंत कोणी उठायचं नाही, हा भाऊजींचा दंडक होता. ती कोणाला वाचता येत नसे, भाऊजींनाही नाही. तरीही ते हात जोडून उभे राहत. त्यात रंग लावणाऱ्याचं नाव असतं, तारा जोडणाऱ्याचं असतं, आपल्या कंपनीच्या गेटवर आहे का तुझं नाव, असं त्यांनी एकदा उठू पाहणाऱ्या एका शेजाऱ्याच्या जावयाला सगळ्यांदेखत विचारलं होतं. जावई पुन्हा बसला.

कॅसेट येई उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून. भाऊजी त्याला साईं म्हणत, तोही भाऊजींना साईंच म्हणे, आणि दोघांचं संभाषण कोण कोणाशी बोलतंय हे कळू न देता तासभर चाले. "साईं, ये पिक्चर आपके सिवा कोई लेता नहीं," तो म्हणे, "आपके लिए ही रखी है." त्याची बहीण परदेशात होती आणि ती कधीमधी सिनेमाची जुनी मासिकं पाठवी. हे साधन पुढे फार उपयोगी पडलं.

एकदा वर्तमानपत्रात तळाशी चार ओळींची बातमी आली, की परदेशातला एक जुना नट वारला. नाव भाऊजींना अनोळखी होतं, आणि कप्तानाचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. या दोन गोष्टींवरून त्यांनी निष्कर्ष काढला की कप्तान गेला. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण मी तेव्हा नगरपालिकेच्या वाचनालयात कामावर होतो आणि संध्याकाळी बुवापाड्यात पोचलो तोवर नाक्यावरच्या फळ्यावर 'कप्तानसाहेबांचे दुःखद निधन' असं खडूने लिहून झालं होतं. कॅसेटच्या वेष्टनावरचा फोटो मोठा करून आणलेला होता. त्यात कप्तानाने शिरस्त्राण घातलेलं असल्याने चेहरा दिसत नव्हता, तरी हार घातला होता. भाजीवाली टोपली उतरवून विचारत होती, कुठल्या खोलीतले, आणि कधी न्यायचंय. सभा रीतसर झाली. भाऊजी दहा मिनिटं बोलले. मी अनेक साहित्यिकांच्या शोकसभांना बसलो आहे, इतकं खरं बोललेलं कुठे ऐकलं नाही.

आठवड्याने साईं स्वतः मासिक घेऊन आला. त्यात कप्तान वाढदिवसाचा केक कापत होता. शेजारी डॉक्टरीणबाई, केस पांढरे झालेल्या, आणि कडेला एक काटकुळा म्हातारा. तो पत्रेकाका असल्याचं मी मजकूर वाचून सांगितलं. भाऊजींना ओशाळं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी फळा पुसला, 'कप्तान सुखरूप' असं लिहिलं आणि पेढे वाटले. मग तो फोटो खिडकीपाशी नेऊन कडेच्या म्हाताऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. चेहरा ते प्रथमच बघत होते.

"मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकांत असणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता. "सभेत बोललो ते त्यांना काय ऐकू गेलं? जित्या माणसाला सांगायला पायजे. तू इंग्लिशमधे लिही. कप्तानाला लिहिणारे लय असतील. आपण यांना लिहू."

मासिकाच्या शेवटच्या पानावर चाहत्यांनी पत्रं पाठवायचा पत्ता होता. भाऊजी सांगत गेले आणि मी मराठीत उतरवून घेतलं. घरी आणून मी त्याचं इंग्रजी केलं. माझं इंग्रजी पुस्तकी आणि नीटनेटकं. भाऊजींच्या मजकुरात एक भाग असा होता, की तुम्ही शिडी चढताना एका पायरीवर दमता. परक्या देशातल्या बुजुर्ग कलावंताला तुम्हाला धाप लागते असं कसं लिहायचं, असा विचार करून मी तो गाळला. त्याऐवजी आपला अभिनय अविस्मरणीय आहे, असं लिहिलं. खाली भाऊजींनी मराठीत सही केली आणि पाकीट स्वतः पोस्टात नेऊन टाकलं.

वर्षभराने उत्तर आलं. एक फोटो, त्यावर सही, आणि खाली सगळ्या चाहत्यांसाठी छापलेल्या आभाराच्या दोन ओळी. भाऊजी पाळीवरून आले होते, चहाही घेतला नव्हता. फोटो दोन्ही हातांत धरून त्यांनी एकच विचारलं, "पायरीचं काय म्हणतायत?"

मी त्या छापील ओळींवर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं केलं. "लिहिलंय, की इतक्या वर्षांत हे फक्त तुमच्या लक्षात आलं."

भाऊजींनी लगेच हातोडी-खिळा मागवला. फोटो देव्हाऱ्याशेजारी लागला. ते वाक्य मात्र त्यांनी पुढे बुवापाड्यापासून बदलापूरच्या बेलवलीपर्यंत प्रत्येक ओळखीच्या माणसाला ऐकवलं, आणि दर वेळी मी जवळ असलो तर साक्षीला माझ्याकडे बघत. मी मान हलवत असे.

पत्रेकाका नव्वद सालानंतर केव्हातरी वारले. त्या वेळी सभा झाली नाही. सांगायचं ते सांगून झालंय, भाऊजी म्हणाले. आता भाऊजींना जाऊनही दीड महिना झाला. दिवसकार्य आटोपल्यावर ताईने त्यांची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. तीत माझ्याच अक्षरातला तो मराठी कागद होता, घडीवर विरलेला. इंग्रजी झाल्यावर मी तो त्यांना परत दिला होता, तो त्यांनी सांभाळला. ज्यांच्यासाठी तो होता त्यांना त्यातला मुख्य भाग पोचलाच नाही, हे आता फक्त मला ठाऊक आहे. म्हणून गाळलेला भाग, त्यांनी सांगितला तसाच, इथे देतो.

"मी ॲसिड खात्यात आहे. आम्हाला पण डोक्यापासून पायापर्यंत रबरी सूट घालावा लागतो. मे महिन्यात आत काय होतं ते मला माहीत आहे. शिडी चढताना तुम्ही तिसऱ्या पायरीवर थांबता. लोकांना वाटतं यंत्र अडकलं. मला माहीत आहे, तुम्हाला दम लागलाय. तुम्ही दम खा. आम्ही थांबतो."