पाचशे वॅटची पाटी

धर्मराजला विनायकराव किती ओळखत होते? खरं सांगायचं तर फारसे नाहीच. तो जासईचा, वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, तिथल्याच एका कंटेनर यार्डात नोकरीला, चहा बिनसाखरेचा, एवढं नक्की. त्याला भाऊ किती, त्याच्या घरच्यांचं मिठागर होतं की भातशेती, बंदरासाठी जमीन गेली तेव्हा त्यांनी काय केलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. ओळख अकरा दिवसांची, आणि त्या अकरा दिवसांत दोघं बोलले तेही बहुतेक एका लोखंडी खोक्याबद्दल.

वीज खात्यात मीटर तपासण्यात विनायकरावांची चौतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर नवीन पनवेलला दोन खोल्यांचं घर. सोसायटीच्या सभेला ते दाराजवळची खुर्ची धरत, म्हणजे कुणी काही विचारायच्या आत उठता येई. असा माणूस पनवेलच्या बाजारात भावेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माऊस घ्यायला गेला आणि अनोळखी माणसाच्या कामात तोंड घालून बसला, याचं त्यांच्या बायकोला, अरुंधतीबाईंना, आजही नवल वाटतं.

त्या दिवशी काउंटरपाशी धर्मराज उभा होता. जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हणत होता. भावेशनं त्याला तीन गोष्टी विचारल्या: आतल्या मदरबोर्डावर कार्ड खोवायचा लांब स्लॉट आहे का, कॅबिनेटच्या आत जागा किती, आणि पॉवर सप्लाय किती वॅटचा. धर्मराजनं खिशातून घडी केलेला कागद काढला. कॅबिनेटची लांबी, रुंदी, उंची त्यावर फूट-इंचांत सुबक मांडली होती. सगळी बाहेरून घेतलेली. यार्डात खोक्याचं माप असंच घेतात. आत काय आहे ते उघडून बघायची तिथं मुभा नसते.

"दादा, टेम्पोत टाकायचाय का?" भावेश म्हणाला.

दुकानातले दोघे-तिघे हसले. धर्मराज हसला नाही. त्यानं कागदाची पुन्हा घडी केली आणि तो म्हणाला, "अकरा दिवसांनी माझी परीक्षा हाय. मला काय ता नीट सांगा."

मग त्यानं सांगितलं ते असं. तो रीच स्टॅकर चालवायचा. भरलेला चाळीस फुटी कंटेनर उचलून दुसऱ्यावर रचणारं ते अवाढव्य यंत्र. एकोणीस वर्षं त्याच सीटवर बसून. आता कंपनी यार्डात नवीन क्रेन आणणार होती आणि त्या चालवायच्या होत्या खोलीत, पडद्यासमोर बसून. त्यासाठी कॉम्प्युटरवरची परीक्षा. वीस मिनिटांत आठ खोकी, एकही धक्का न लावता. पहिल्या खेपेला त्यानं चार उचलली, दोन आपटली आणि डोकं गरगरायला लागलं म्हणून उठला. आता शेवटची संधी. सरावासाठी कंपनीनं पेन ड्राइव्हवर प्रोग्राम दिला होता, पण घरच्या दहा-बारा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर तो चालेना. चित्र अडखळत अडखळत सरके. या वेळीही जमलं नाही, तर बदली कंपनीच्या गुजरातमधल्या यार्डात. तिथं अजून जुनी यंत्रं होती.

"गुजरातला जा की मग. फरसाण खा," मागून कुणी तरी म्हणालं.

"बायकोचं डायलिसिस हाय हितं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मीच आणतो तिला."

 आणि विनायकरावांना स्वतःचाच आवाज ऐकू आला: "पॉवरचं मी बघून देतो. माझं कामच होतं ते."

दुसऱ्या दिवसापासून दोघांचे फोन सुरू झाले. कॅबिनेट उघडून काय मोजायचं ते विनायकराव सांगत आणि धर्मराज मोजून कळवी. त्याचं मोजणं असं नेटकं की चूक सापडू नये. लांब स्लॉट होता. भावेशकडच्या जुन्या कार्डाची लांबी चोवीस सेंटिमीटर; तेवढाच पुठ्ठा त्यानं लग्नपत्रिकांच्या खोक्यातून कापला, त्याला कार्डावरच्या पंख्याच्या जाडीचा दुसरा तुकडा चिकटवला आणि ते खोटं कार्ड आत बसवून बघितलं. हार्ड डिस्क आडवी येत होती; ती त्यानं वरच्या खणात हलवली. शनिवारी बायकोला, भामावहिनींना, डायलिसिसला सोडून तो पुठ्ठा घेऊनच दुकानात आला. भावेशनं पुठ्ठा कार्डाशेजारी धरला आणि या वेळी न हसता कार्ड बांधून दिलं.

राहिला पॉवर सप्लाय, आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा. तो विनायकरावांचा वाटा.

रविवारी ते उरणच्या बसनं जासईला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरांच्या रांगा, मध्ये ट्रेलरांची कोंडी. दीड तास लागला. घर चांगलं दुमजली होतं, पण गच्चीवरून पूर्वी खाडी दिसायची तिथं आता लाल-निळी खोकी दिसत. भामावहिनी खाटेवर बसल्या होत्या. हाताला पट्टी, चेहरा सुजलेला. त्यांनी विनायकरावांना पाणी दिलं आणि स्वतः प्यायल्या नाहीत. त्यांचं पाणी मोजून असे. माहेरच्या कुणी डायलिसिसला पनवेलला नेलं तर चालणार नाही का, असं विनायकरावांनी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "सुई टोचताना यांचा हात लागतो मला. दुसऱ्याचा नाय चालत." आणि लाजून आत गेल्या.

विनायकरावांनी कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायची पाटी वाचली. पाचशे वॅट. कार्डाला चारशे पुरे असं लिहिलं होतं. कार्डाला हवी ती सहा पिनांची वायर त्यात नव्हती, पण भावेशनं दोन जुन्या वायरी एकत्र करणारा जोड दिला होता. विनायकरावांनी मान डोलावली. धर्मराज तो डबा बाहेर काढून हातात तोलत होता.

"काका, हलका वाटतो हा."

"पाटीवर पाचशे आहे."

"आमच्यात कागदावर वीस टन असतं नि उचलला का सत्तावीस निघतं. हा उलटा हाय. पाचशेचा डबा येवढा हलका नसंल."

विनायकरावांना त्या क्षणी काय झालं ते नेमकं सांगता येत नाही. आयुष्यभर ज्या पाट्या त्यांनी तपासल्या आणि ज्यांच्या भरवशावर सह्या केल्या, त्या खोट्या असू शकतात, हे कुणी तरी हातानं तोलून सांगत होतं. त्यात काही अपमान असेल. एरवी कधीही हट्ट न करणारे विनायकराव म्हणाले, "धर्मराज, पाटी म्हणजे पाटी. घाल आत."

त्यानं आत घातला.

आणि चाललंही. पडद्यावर यार्ड असं स्वच्छ उभं राहिलं की भामावहिनी दारात येऊन बघत राहिल्या. धर्मराजनं पुतण्याचा जॉयस्टिक जोडला होता. पहिलं खोकं आपटलं, दुसरं आपटलं. यंत्रावर वजन सीटमधून कमरेत कळतं, तो म्हणाला. इथं कमरेला काही कळत नाही, सगळं डोळ्यांनी करायचं. पण सोमवारी फोन आला, पाच खोकी. मंगळवारी, सहा, आणि धक्का एकच. त्याची दुपारपाळी असायची, म्हणून सराव सकाळी, डायलिसिसच्या दिवशी पहाटे. विनायकराव त्या तीन दिवसांत घरात गुणगुणत फिरत होते, असं अरुंधतीबाई सांगतात.

बुधवारी सकाळी दहाला फोन आला.  "काका, फाट करून वाजला. वास येतोय जळका."

विनायकराव पुन्हा जासईला गेले. पॉवर सप्लायच्या जाळीवर काळा डाग होता. दोघांनी सगळं पिशवीत भरून मोटारसायकलवरून भावेशकडे नेलं. तो तपासत असताना विनायकराव काउंटरची कड धरून उभे होते. भावेश म्हणाला, असले स्वस्त डबे पाटीच्या निम्म्यानंही देत नाहीत. हा जळताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन गेला. आता या प्रोसेसरला बसणारा जुना बोर्ड पनवेलमध्ये तरी मिळायचा नाही. मागवला तर आठवडा.

परीक्षा पाच दिवसांवर होती.

बाहेर फुटपाथवर विनायकराव म्हणाले, "तू म्हणाला होतास. हलका आहे म्हणून."

"हा," धर्मराज म्हणाला. "बोललो होतो."

बस्स, तेवढंच. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "जाऊ द्या काका" असं म्हणाला असता तरी चाललं असतं. त्यानं दोन्हींतलं काही केलं नाही. पिशवी मोटारसायकलला अडकवली आणि पाळीला उशीर होतोय म्हणून निघून गेला.

पुढचे दोन दिवस विनायकरावांनी आयुष्यात कधी केल्या नसतील एवढ्या विनवण्या केल्या. ज्या माणसाला रिक्षावाल्याला थांब म्हणायचाही संकोच, तो दुकानं पालथी घालत होता. सोसायटीत घरोघर जाऊन कुणाचा कॉम्प्युटर चार दिवस मिळेल का विचारत होता. बहुतेकांकडे लॅपटॉप होते आणि कुणी द्यायला तयार नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या निनादनं दारातच विचारलं, "कोण आहे तो तुमचा?" विनायकराव "येतो" म्हणून जिना उतरले. खरंच, कोण होता?

शेवटी राहिला त्यांचा स्वतःचाच कॉम्प्युटर. तो एका कार्यालयानं काढून टाकलेला, आडवा ठेवायचा, चपटा. त्यात मोठं कार्ड मावेना. शुक्रवारी भावेशनं कुठून तरी अर्ध्या उंचीचं, वेगळी वायर न लागणारं छोटं कार्ड मिळवलं. या वेळी विनायकरावांनी पाटी वाचली नाही. त्यांनी स्लॉट मोजला, उंची मोजली, कार्डाची मागची पट्टी मोजली, पुठ्ठा कापला, आणि भावेशला तीन तीन वेळा विचारलं, हे नक्की चालेल ना. भावेश वैतागला. पण कार्ड बसलं.

शनिवारी सकाळी आठला भामावहिनींना डायलिसिसला लावून धर्मराज जॉयस्टिक आणि पेन ड्राइव्ह घेऊन नवीन पनवेलला आला. चार तास हातात होते. रविवारी त्याची दुहेरी पाळी, सोमवारी परीक्षा. अरुंधतीबाईंनी जेवणाचं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. विनायकरावांनी बटण दाबलं, पंखा फिरला, आणि मॉनिटरची वायर लावायला गेले तर ती बसेना. मॉनिटर जुना, त्याला निळी, पंधरा पिनांची वायर. नव्या कार्डाला ते भोकच नव्हतं. सगळं मोजलं होतं. हे मोजायचं राहिलं.

मधला जोड भावेशकडे मिळाला असता, पण दुकान अकराला उघडे. त्याचा फोन बंद. विनायकराव खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या वॉचमनना विचारून आले. धर्मराज टेबलाशी, बंद पडद्यासमोर जॉयस्टिक हातात धरून बसला होता आणि तो थोडा थोडा हलवत होता. डोळे मिटलेले. नऊ वाजून गेले.

अरुंधतीबाई चहा घेऊन आल्या. काय अडलं ते त्यांनी विचारून घेतलं, कार्डाच्या मागचं भोक वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तर टीव्हीला असतं तसलंच आहे. भिंतीवर टीव्ही काय शोभेला लावलाय?"

टीव्हीला वायर लागली. टेबल हॉलमध्ये सरकवलं. चित्र कमी प्रतीचं ठेवावं लागलं, पण अडखळलं नाही. धर्मराज जमिनीवरच मांडी घालून बसला. खुर्चीपेक्षा बरं वाटतं म्हणाला. अडीच तास तो हलला नाही. विनायकराव मागच्या खुर्चीवर बसून खोकी मोजत होते आणि प्रत्येक खोकं टेकताना त्यांचे स्वतःचे पाय जमिनीत रुतत होते. पाच. सहा, दोन धक्के. पाच. सात, एक धक्का. मग पुन्हा पाच. पावणेबारा झाले तसं त्यानं घड्याळ बघितलं, जॉयस्टिक तिथंच ठेवला आणि उठला. वहिनींची सुई काढायची वेळ झाली होती.

सोमवारी सकाळपासून विनायकराव फोन समोर ठेवून बसले. जेवले नाहीत. अरुंधतीबाई म्हणाल्या, तुमची परीक्षा आहे का? फोन चार वाजता आला. सहा खोकी, एक धक्का. आठ लागत होती.

विनायकरावांना विचारायचं होतं, बुधवारी तो डबा जळला नसता तर? मधल्या सकाळी मिळाल्या असत्या तर? उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं. ते म्हणाले, "बरं." तो म्हणाला, "हा." मग दोघांनी फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी दाराची घंटा वाजली. धर्मराज होता. पायाशी मोठी बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट. पुतण्याचा जॉयस्टिक न्यायला आला होता. पुतण्या खाली बाईकवर थांबला होता. भामावहिनी उरणला माहेरी गेल्या होत्या, डायलिसिसला आता त्यांचा भाऊ पनवेलला आणत होता. पहिल्या खेपेला त्या रडल्या, पण सुई लागली, असं त्यानं बॅगेचा पट्टा सारखा करत सांगितलं. आत ये म्हटलं तर नको म्हणाला, बूट काढावे लागतील. अरुंधतीबाईंनी पिशवीत चिवडा घालून दिला, तो त्यानं घेतला. विनायकरावांनी जॉयस्टिकची वायर नीट गुंडाळून रबर लावून त्याच्या हातात दिली. 

"पुतण्या जॉयस्टिक घेऊन घरी जायचाय," धर्मराज म्हणाला. "गुजरातची गाडी कळंबोलीवरून हाय. हितून रिक्षा मिळंल ना काका?"

"मिळेल. चौकात थांब, शेअरची येते."

"बरं. येतो मग."

"ये."