आधी तारा, मग नाणं

सुंबिंग डोंगराच्या उतारावरच्या आमच्या गावात जवळजवळ सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, वारा. डोकं ठणकलं, वारा शिरला. पोट फुगलं, वारा शिरला. सासू विनाकारण करवादायला लागली, तर तिच्याही अंगात वाराच शिरलेला असतो. औषधही एकच. पाठीला तेल चोळायचं आणि जाड तांब्याच्या नाण्यानं ती खरवडायची. लाल पट्टे उठले की वारा बाहेर पडला असं समजायचं. या वाऱ्याच्या खानदानात सगळ्यांत वाईट तो बसका वारा. तो थेट छातीत येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही.

विनार्सिहचे वडील रात्मिन यांच्या छातीत तो बसला, तेव्हा ती अजून शाळेत होती. तंबाखू चिरायचे दिवस होते. रात्मिननी सुरी बाजूला ठेवली, भिंतीला टेकले आणि बघता बघता घामानं निथळले. धाकट्या भावानं, कास्दीनं, त्यांना चटईवर पालथं घातलं आणि पुतणीला हाक मारली. नाणं चालवावं तर विनार्सिहनंच, असा तिच्या हाताचा गावात लौकिक.

"जोर लाव, न्दुक, जोर लाव पोरी! बघ कसा काळानिळा वारा निघतोय!"

पोर जीव खाऊन खरवडत राहिली. पट्टे असे तरारले की शेजारणी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, हात असावा तर असा. ते कौतुक चाललं असतानाच रात्मिन गेले.

त्यानंतर तिनं नाण्याला हात लावला नाही. लोक डॉक्टर का होतात? कुणाला सेवेची ओढ असते, कुणाला पांढऱ्या कोटाची हौस, कुणाच्या आईबापांना ती हौस. विनार्सिहला एवढंच बघायचं होतं, की हा मेला वारा बसतो तरी कुठे. कास्दीकाकानं रानात राबून तिला शिकवलं. ती त्याला पाकलिक म्हणायची, आमच्याकडे बापाच्या धाकट्या भावाला तेच म्हणतात. कॉलेजात तिनं पहिल्याच दिवशी सरांना विचारलं, "सर, बसका वारा नेमका कुठे बसतो?" वर्ग फिदीफिदी हसला आणि तिचं नाव वारेबाई पडलं ते कायमचं. सर म्हणाले, "वाराबिरा काही नसतो. हृदयाला रक्त नेणारी नळी तुंबते. वेळेवर आणलं तर माणूस वाचतो."

वाचतो! तिला रडू आलं नाही, राग आला. तो राग तिनं डॉक्टर होईपर्यंत नीट जपून वापरला.

गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आली, तेव्हा पहिलं काम तिनं केलं ते पाटी लावायचं. 'वारा नावाचा रोग नाही. छातीत दुखलं तर इथे या.' प्रत्येक सभेत, प्रत्येक लग्नात ती हेच सांगायची. लोक मान डोलवायचे. ताप, खोकला, बाळंतपण, सगळ्याला तिच्याकडे यायचे. छातीच्या दुखण्याला मात्र चिटपाखरू फिरकेना.

मग पाक सारिदी गेला. आमच्याकडे मोठ्या माणसाला पाक म्हणतात आणि बाईला बू. दवाखान्याच्या फाटकासमोर तो सोयाबीनचे तेंपे तळून विकायचा, आणि समोरच्याच घरात पालथा पडून, पाठ लालभडक करून घेऊन गेला. चौथ्या दिवशी प्रार्थनेला गेलेल्या डॉक्टरीणबाईंना काही राहवेना. "अहो, रस्ता ओलांडायचा होता नुसता! माझ्याकडे का नाही आणलं?"

सारिदीच्या बायकोनं चहाचा पेला तिच्यापुढे ठेवला. तिच्या बोलण्यात ना राग होता ना टोमणा. "बू डॉक्टर, तुम्हीच सांगितलंत ना, वारा नसतो म्हणून. आम्हाला वाटलं, तुम्हाला वाऱ्याचं शिकवलंच नाही. ह्यांना तर वारा झालेला. मग ज्याला जे येत नाही, त्याच्याकडे कशाला न्यायचं? उगाच तुमची पंचाईत."

विनार्सिहनं चहा तसाच ठेवला. चूक कुणाची होती ते तिला लख्ख दिसलं. दार उघडून बसले म्हणता म्हणता तिनंच ते पाटीनं बंद केलं होतं. त्या संध्याकाळी तिनं पाटी उतरवली आणि दुसरी लावली. 'बसका वारा. इथे खरवडून मिळेल.' टेबलावर तेलाची बाटली आणि एक जाड नाणं ठेवलं. वडील गेल्यापासून तिनं खरवडायला उचललेलं हे पहिलंच नाणं.

नियम एकच केला, आधी तारा, मग नाणं. आधी छातीला तारा चिकटवून हृदयाचा आलेख काढायचा, तो ठीक असला तर पालथं झोपवून पाठ खरवडायची. ठीक नसला तर नाणं राहिलं बाजूला, गोळी चघळायला द्यायची आणि गाडीनं शहरातलं मोठं इस्पितळ गाठायचं. नर्स इस्ती पहिल्यांदा हसली, मग तेल गरम करायला लागली. लोकही येऊ लागले. बाईंचा हात पूर्वीसारखाच आहे, अशी वार्ता उठली. अर्ध्याहून जास्त लोकांना नुसतं अपचन असायचं. ते खूश होऊन पाठ खाजवत घरी जायचे.

जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले आणि नाणं बघून भडकले. "सरकारी दवाखान्यात हे? एवढं शिकलात कशाला?"

"साहेब, वारा नाही म्हणत होते तेव्हा माणूस समोरच्या घरात मेला. आता वारा आहे म्हणते, तर तो माझ्या खाटेवर येऊन झोपतो. खाटेवर असला तर मला काही करता येतं."

"ती पाटी काढा," साहेब म्हणाले.

तिनं पाटी काढली. नाणं काढलं नाही. एव्हाना गावाला पाटीची गरजही उरली नव्हती.

नव्हता येत तो फक्त एकच माणूस, तिचा पाकलिक. कास्दीला आता चढण चढताना थांबावं लागायचं, छातीवर मूठ धरून उभा राहायचा. विनार्सिहला ते दिसायचं. रोज सांगायची, "एकदा या ना."

"काल वारा नव्हता, आज आला? तुमचं सरकार वारासुद्धा मंजूर करतं वाटतं! मला नाही तुझ्या तारा लावून घ्यायच्या. मी काय विजेचा खांब आहे?"

"मी खरवडीन, पाकलिक. मीच."

यावर म्हातारा तोंड फिरवून तंबाखूच्या चाळण्या उन्हात मांडत राहायचा. हा नुसता हट्ट नव्हता, हे तिला कळत होतं. पण त्याच्या मनात काय आहे, ते विचारायचं धाडस तिलाही होत नव्हतं. तरी रोज जायची. चिवटपणा दोघांकडेही एकाच घराण्यातून आला होता.

तंबाखूच्याच हंगामात एका दुपारी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कास्दी आला. चेहरा राखेसारखा, सदरा घामानं चिकटलेला. "बसलाय," एवढंच म्हणाला.

इस्तीनं तारा लावल्या. कागद बाहेर आला, विनार्सिहनं बघितला आणि गोळी त्याच्या तोंडात घातली. "चघळा. गिळू नका, चघळा. इस्ती, गाडी."

"नाणं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आज नाही."

कास्दीनं तिचं मनगट धरलं. "न्दुक, खरं सांग. रात्मिनदादाला हेच झालं होतं?"

इतकी वर्षं तिला हे याच माणसाला सांगायचं होतं. आता सांगायची वेळ आली, तर त्याच्या छातीवर तारा होत्या.

"हो."

"मग मी त्याला पालथं घालायला नको होतं. तो वाचला…"

"पाकलिक, गप्प पडा. ते नंतर. आधी तुम्हाला वाचवते."

वाटभर तिनं त्याचा हात सोडला नाही. शहरात पोचेपर्यंत ती ड्रायव्हरला दटावत होती आणि म्हाताऱ्यालाही, "खबरदार डोळे मिटलेत तर." तिथल्या डॉक्टरांनी गुठळी विरघळवायचं औषध वेळेत दिलं. कास्दी वाचला.

घरी आणला त्या दिवशी ओट्यावर टेकल्या टेकल्या त्यानं अर्धा राहिलेला प्रश्न पुरा केला. "तो वाचला असता का?"

"तेव्हा इथं दवाखाना नव्हता, गाडी नव्हती. पण वाचलाही असता, पाकलिक. मी खोटं नाही बोलणार. नाणं माझ्याच हातात होतं."

"जोर लाव असं मी सांगत होतो गं. मी!" म्हाताऱ्याचा बांध फुटला. तीही रडली, शाळकरी पोरीसारखी, नाक वर ओढत. एवढं बोलकं गाव, पण या दोघांनी त्या चटईबद्दल एकमेकांशी आजवर चकार शब्द काढला नव्हता.

मोटारसायकलवाला शेजारी कुंपणावरून डोकावला, घाबरलाच. "काय झालं, पाक कास्दी? परत वारा बसला की काय?"

"बसला होता," म्हातारा सदऱ्याला नाक पुसत खेकसला, "किती वर्षं! आता उठतोय, तर उठू दे की मेल्या."