मानाचे माइक

देवळाला पंखा दिला की पात्यावर नाव घालायचं, हे सगळीकडचंच. आमचं गाव त्याच्या पुढे गेलं होतं. आमच्याकडे माइकला नाव होतं. बिरोबाच्या देवळाला प्रत्येक भावकीने एकेक माइक दिला होता आणि त्याच्या दांड्यावर लाल ऑइलपेंटने देणाऱ्याचं नाव लिहिलं होतं. यात्रेला ते सगळे माइक ओळीने उभे करायचे, आवाज वाढवायच्या मशीनला जोडायचे आणि दिवसभर उघडे ठेवायचे. समोर कुणी बोलो न बोलो. एखाद्याचा माइक बंद राहिला तर त्या भावकीला भरल्या पंगतीतून उठवल्यासारखं वाटायचं.

आणि ते मशीन माझं होतं.

मूळचं ते थोरल्या भावाचं. नव्वदच्या दशकात त्याने लग्नाकार्याला स्पीकर लावायचा धंदा काढला. पार मढपर्यंत सेट जायचा. मी त्याच्या शेजारी बसून बटनं शिकले. पुढे तो चाकणला कंपनीत लागला, सेट घरात पडून राहिला आणि वहिनीने त्याच्यावर कांद्याची पोती रचली. एक दिवस मी पोती उतरवली आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घ्यायला लागले. ‘पोरीच्या जातीनं कर्णे बांधाया झाडाव चढायचं व्हय?’ असं विचारणारे भेटलेच. मी चढत होते. विचारणारे खाली उभे असायचे, आणि वरून मला त्यांची टकलं बघायला मिळायची.

वडील धनगरी ओव्या म्हणायचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी शेती धरली, पण ओवी सोडली नाही. यात्रेतली पहिली ओवी त्यांचीच असायची. ढोलाच्या वर त्यांचा आवाज चढला की निरगुडसरच्या रस्त्याने जाणारा माणूस सायकल लावून देवळाकडे वळायचा. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला, पण बारीक झाला. सूर होता तिथेच होता, नुसता जोर गेला होता.

त्या वर्षी यात्रेत ते उभे राहिले आणि दुसऱ्या रांगेच्या पुढे कुणाला काही ऐकू गेलं नाही. कर्ण्यांतून नुसतं सूंऽऽ येत होतं. मी आवाज वाढवला तर शिट्टी सुटली. लोक कानांवर हात ठेवून हसले. यात्रा कमिटीचे पुढारी म्हणजे आमचे लांबचे चुलते. गावभर त्यांना तात्याच म्हणत. ते वडिलांच्या देखत म्हणाले, “म्हाताऱ्याचा आवाज गेला राव. फुडल्या साली कॅसेट लावू. पावण्यास्नी ऐकू तरी यील.”

त्यानंतर वडील घरातसुद्धा गुणगुणेनासे झाले. धार काढताना त्यांच्या तोंडून ओवी यायची, तीही थांबली. म्हैस मान वळवून त्यांच्याकडे बघायची. मला ते बघवत नव्हतं आणि तात्यांचा असा राग आला होता की समोर आले तर मी तोंड फिरवायचे.

मी मशीन अंगणात मांडलं, सगळे माइक मागून आणले, जोडले, आणि काही न बोलता ऐकत बसले. कुणी बोलत नव्हतं तरी सूंऽऽ होतंच. एक माइक बंद केला, सूं थोडं उतरलं. दुसरा केला, आणखी उतरलं. उघडा माइक समोर कुणी नसलं तरी गप्प बसत नाही. वारा, ढोल, पोरांची रडारड, जनरेटरची घरघर, सगळं तो आत घेतो आणि त्यात मशीनची स्वतःची खरखर मिसळतो. एवढ्या सगळ्यांच्या गलक्यात एक बारीक आवाज बुडणारच. आवाज वाढवला तर कर्ण्यातलं बोलणं फिरून त्याच उघड्या माइकांत शिरतं आणि शिट्टी होते. घरातली सगळी दारं सताड उघडी टाकायची आणि मग कुजबुज ऐकू येत नाही म्हणून कुजबुजणाऱ्याला नावं ठेवायची, असला तो प्रकार होता.

म्हणणाऱ्याचा सोडून बाकीचे माइक बंद ठेवू, असं मी तात्यांना सांगितलं. “मशीनचं मशीनपाशी ठेव पोरी,” ते म्हणाले. “आमी कुणाकुणाचा मान मोडायचा?”

“आणि माझ्या वडलांचा मोडला, त्याचं काय?” मी विचारलं. “एकदा त्यांना म्हणू द्या. न्हाई ऐकू आलं तर मी माझ्या हातानं तुमची कॅसेट लावते.”

ते कसेबसे तयार झाले. वडीलच तयार नव्हते. “गावाशी वाकडं घिऊ नगं. माजाच आवाज गेला, त्येला माइक काय करतील?” ते म्हणाले. त्यांनी ते खरं मानलं होतं, हेच मला सहन होत नव्हतं.

वर्षभराने यात्रेच्या दुपारी मांडव भरला. माझ्या हट्टापायी वडील माझा माइक हातात धरून उभे राहिले. मी मशीनपाशी उभी राहिले आणि हातातल्या भोंग्यातून गावाला सांगितलं, “आता कुणी बोलू नका. तुमच्या मानाचा आवाज ऐका.” सगळे माइक उघडे होते. सूंऽऽ आलं. मग मी दांड्यावरचं एकेक नाव वाचायला लागले आणि एकेक माइक बंद करत गेले. “थोरली आळी. बंद. मळ्यातली भावकी. बंद.”

“ए! आमचा उघड आधी!” एक जण उठलाच.

“तुमाला बोलायचंय? या, बोला. उघडते.”

तो तरातरा माइकपाशी आला. मी त्याचा माइक उघडला. आख्खा मांडव त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. तो खाकरला, ‘हॅलो’ म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. मी माइक बंद केला. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. तात्यांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, मीही बघितलं.

शेवटी वडिलांचा एकच माइक उरला. सूं गेलं होतं. पहिल्यांदा त्यांचा श्वास ऐकू आला, मग ओवी. बारीक होती, पण शब्द न् शब्द मागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. टाकीपाशी भेळ विकणाऱ्याचा हात थांबलेला मी पाहिला. ओवी संपल्यावर वडिलांनी माइक कानाशी धरला, अजून आत काही आहे का बघावं तसा. मी मशीनवर डोकं टेकवून रडले.

पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. भावक्या दुखावल्या होत्या. बाहेरचा सेट आला आणि सकाळपासून सगळे माइक उघडे, सूंऽऽ चालू. मला त्याचं दुःख नव्हतं. मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. दुपारी तात्या वडिलांना न्यायला आले. “चला, पयली ववी तुमची.”

गावाशी वाकडं घेऊ नको म्हणणारे माझे वडील बाजेवरून उठले नाहीत.

“आधी बाकीचे बंद करा,” ते म्हणाले. “मंग मला बोलवा.”

तात्यांनी मान वळवून देवळाकडून येणारं सूंऽऽ ऐकलं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता वडिलांना विचारलं, “पोरीला मोकळा येळ हाय का?”