बैल पुरलेली जागा

कुणी काहीही मागितलं, की आमचे डॉक्टर आधी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि का हवंय ते विचारायचे, "कावून पायजे?" बीडला जनावरांच्या रोगतपासणीची प्रयोगशाळा आहे, तिथे ते प्रमुख आणि मी तंत्रज्ञ. मेहुणीच्या लग्नाला रजा मागितली, तेव्हाही हेच. कारण सांगितल्यावर म्हणाले, "तू काय नवरदेव हायेस का बे?" रजा मात्र दिली.

चकलांब्याकडच्या एका वस्तीवर ऊसतोडीहून परतलेला बैल उभ्याउभ्या कोसळला. नाकातून काळं रक्त. तपासलं तर फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स. याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतात आणि माणसालाही सोडत नाहीत. डॉक्टरांनी बैलाचं कातडं काढू दिलं नाही. खोल खड्डा, वर चुना. मग अख्ख्या वस्तीला जागा दाखवली, शेरडं राखणाऱ्या म्हातारीला तर पुन्हा पुन्हा. "इथं खणायचं न्हाई, चारायचं न्हाई."

पुढे शहरातून एक तरुण कॅमेरा घेऊन आला. बैल पुरलेली जागा दाखवा म्हणाला, लोक जागरूक होतील. चष्मा कपाळावर गेला. चहा पाजून डॉक्टरांनी त्याला लक्षणं सांगितली, लस सांगितली, "हे समदं दाखव" म्हणाले. जागा काही सांगेनात.

"त्या मातीत काय हाय, ते तुला ठावं हाय. तुझा व्हिडिओ बघून ती माती न्यायला कोण येनार, ते ठावं हाय का?"

तो चिडला. "शेरडं राखणाऱ्या बाईला सांगता आणि मला नाही?"

"तिची शेरडं हायेत तिथं. तुझं काय हाय?"

मला हसू आलं. त्याला आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर वारले. त्यानंतर ते शेत विकलं गेलं, आणि विकणाऱ्याने खड्ड्याची गोष्ट पोटातच ठेवली. नव्या मालकाने शेततळ्यासाठी जेसीबी आणला, तशी म्हातारी काठी आडवी धरून त्याच्यापुढे बसली. सरपंचांचा फोन आला म्हणून मी जीप घेऊन पोचलो. बघ्यांची ही गर्दी, सगळ्यांचे मोबाइल वर.

"आजी, नेमकं कुठं हाय ते?" मालक विचारत होता.

"आदी ती फोनं खिशात घालाया लाव."

मग त्याला एकट्याला हाताला धरून घेऊन गेली. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. जेसीबी माघारी गेला. डॉक्टर हे बघायला हवे होते, असं मला फार वाटलं.

म्हातारी माझ्याजवळ आली. माझ्या मागच्या रिकाम्या जीपकडे बघत म्हणाली, "डॉक्टर कावून न्हाई आले?"

तिला सांगणं भागच होतं. सांगितलं.