वहिनींच्या मापाची गाडी

श्रावणभाऊंना मी चेहऱ्यापेक्षा पायांवरून अधिक ओळखत असे. अड्याळला आमची घरे भिंतीला भिंत लागून. पवनीच्या तहसील कचेरीसमोर अर्जनवीसाचे टेबल मांडण्यासाठी मी सकाळी निघे, तेव्हा त्यांच्या अंगणात उंच बांध्याची जुनी गाडी आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय दिसत. मी नमस्कार करी. पायांची बोटे हलत आणि आवाज येई, "या जी, साहेब. बसा. मी येऊनच राहिलो." ते कधीच येत नसत. या वर्षी ते गेले, आणि त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्यात अशी अपेक्षा गावाने साहजिकच माझ्याकडून केली. शिक्षण आठवीपर्यंतचे असले तरी तालुक्यात माझ्या मसुद्याला मान आहे. मात्र दिवसभर लोकांची गाऱ्हाणी लिहून हात थकतो, आणि आपल्या माणसाविषयी लिहिताना तो मुळीच चालत नाही.

श्रावणभाऊ तुमसरच्या एका राइस मिलमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन गावी परतले, धानाची एक बांधी कसू लागले आणि ती गाडी घेतली. कौशल्यावहिनींना कोंढ्याला माहेरी नेता यावे, एवढ्याचसाठी. तोवर वहिनींचे गुडघे गेले होते. पाय गाडीच्या पायरीपर्यंत उचलेना. श्रावणभाऊंनी आधाराला हात पुढे केला तर त्या खेकसल्या, "सरका! भावजयांसमोर मले काय पोत्यावानी उतरवान?" चढायचे आणि उतरायचे ते स्वतःच्या पायांनी, नाही तर माहेर नको, असा त्यांचा निकाल होता. त्यावर अपील नव्हते.

तेव्हा श्रावणभाऊंनी गाडीच खाली आणायचे ठरवले. नागपूरहून आखूड स्प्रिंगांचे शॉकअप आणले. त्यांच्या नळीवर आटे होते आणि आट्यांवर रिंग. रिंग पान्याने खाली फिरवली की गाडी बसे, वर फिरवली की उठे. विनापरवानगी वाहनात फेरफार करता येत नाही, रीतसर अर्ज करू, अशी जाणीव मी त्यांना करून दिली. गाडीखालून उत्तर आले, "तुमचा अर्ज मंजूर होईपर्यंत बुढी राहीन का, साहेब?"

"बुढी कोनाले म्हनता जी?" स्वयंपाकघरातून लगेच विचारणा झाली. पायांची बोटे गप्प झाली.

जॅक लावणे, चाके काढणे, जुने शॉकअप उतरवून नवे बसवणे, सारे त्यांनी त्या अंगणातच केले. मग दोन्ही बाजू सारख्या करायच्या होत्या. त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली. तिचे दुसरे टोक मी धरले होते, हे येथे नमूद करतो. "बांधी पान्यानं पाहाची, गाडीबी पान्यानं पाहाची," ते म्हणाले. "पानी फसवत नाही जी." दोन्हीकडचे पाणी एका रेषेत येईपर्यंत त्यांनी रिंगा फिरवल्या.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिची डावी बाजू, म्हणजे वहिनींच्या बसण्याची बाजू, चक्क वर उठलेली होती. सांडपाणी वाहून जावे म्हणून अंगणाला उतार दिलेला होता. पाणी खरेच बोलले होते. तिरपे अंगण होते, आणि त्या तिरपेपणावर आम्ही गाडी सपाट केली होती. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमची बाजू खाली, माही वर. माहेर कोनाचं हाय जी, तुमचं का माहं?"

सपाट सिमेंटवर सारे पुन्हा झाले. वहिनी स्वतःच्या पायांनी आत बसल्या आणि कोंढ्याला गेल्या. तेथे दारात भावजया जमल्या, आणि वहिनींना उठता येईना. आसन इतके खाली गेले होते की गुडघे अंगाला वर ढकलीनात. मदत मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "घाई हाय माय, उतरत नाही," असे सांगून त्या खिडकीतून चहा प्याल्या आणि माघारी आल्या.

मग श्रावणभाऊंनी मधली उंची शोधली. काही दिवस ती चालली. वहिनी माहेरच्या अंगणात स्वतः उतरल्या, हे श्रावणभाऊंनी मला रस्त्यात थांबवून सांगितले. पण गुडघे आणखी बिघडले. चढायला गाडी आणखी खाली हवी होती आणि उतरायला आणखी वर. ते रोज रिंग फिरवू लागले, कधी इकडे, कधी तिकडे. पाय गाडीखालून दिसत, पण बोटे हलत नसत. "आता पुरे करा," मी म्हणालो.

"काहून पुरे? आटे बाकी हायेत ना जी."

एका दुपारी तेही संपले. रिंग शेवटच्या आट्याला अडली आणि पाना घसरला. श्रावणभाऊ बाहेर आले आणि चाकाला टेकून बसून राहिले. हातसुद्धा पुसले नाहीत. भिंत धरत धरत वहिनी आल्या. आता टोमणा येणार, असे मला वाटले.

"उठा," त्या म्हणाल्या. "अन् उचला मले."

"हात काळे हायेत माहे."

"असू द्या."

मी दार धरायला पुढे होणार होतो, पण थांबलो. तेथे तिसऱ्याचे काम नव्हते. पहिल्यांदा त्यांना जमले नाही. दुसऱ्यांदा त्यांनी वहिनींना उचलून आसनावर ठेवले, पदर नीट केला आणि दार लावले. वहिनींच्या पातळावर खांद्यापाशी ग्रीसची बोटे उमटली होती. तशाच त्या कोंढ्याला गेल्या, भावजयांसमोर.