उजवीकडची जागा

आमच्या ह्यांनी ती जुनी अमेरिकन गाडी मुंबईच्या भंगारातून आणली, तेव्हा मी बोलणंच टाकलं. मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख आणि लांबी आमच्या पडवीएवढी. मला विचारलं कुठे होतं? पडद्याच्या रंगापासून मुलीच्या शाळेपर्यंत सगळं हे ठरवणार, आणि मला मागाहून कळणार.

कित्येक वर्षं ह्यांच्या सुट्ट्या त्या गाडीखाली गेल्या. आळीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी एकदाची ती चालू झाली. फिकट निळा रंग, पंखांवर ऊन पडलं की डोळे दिपायचे. खोटं कशाला बोलू, देखणी दिसत होती.

आम्ही रत्नागिरीहून पालीला निघालो. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे मी उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या बाजूला. समोरून येणारे सायकलवाले मलाच ड्रायव्हर समजून घाबरत होते.

चढावर पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक लागला, रांगत चाललेला. ह्यांनी मान ताणून पाहिलं, पण ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसेना. पुढचा रस्ता फक्त मला दिसत होता. हॉर्न वाजवून झाला, धूर गिळून झाला. शेवटी हे म्हणाले, "काय गो, जाऊ का?"

लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी मला काहीतरी विचारलं होतं!

रस्ता पार वळणापर्यंत मोकळा होता. तरी मी पदर सारखा केला, सावकाश पाहिलं, ह्यांना आणखी थोडा धूर गिळू दिला. मग म्हटलं, "हं, जा आता."

पालीपर्यंत अजून बरेच ट्रक होते.