अप्पांचं जुनं सामान आणि गिरीशची अट

प्रत्येक घरात जुन्या चार्जरांचा एक डबा असतो. त्यात चार्जर कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, ते आपोआप साठतात! आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से तसेच साठलेत. आता झाकण लागेना, म्हणून थोडे तुमच्यापुढे ओतते.

बैठक भरते हुबळीच्या केशवापुरात, अप्पांच्या व्हरांड्यात. अप्पा कोर्टात शिरस्तेदार होते. आता पंच्याहत्तरी ओलांडलीय आणि घरात एकटेच असतात. शेजारच्या मालतीअक्का, जुन्या हुबळीत जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेला बसण्णा आणि मी, एवढेच मेंबर. मी हायस्कुलात सायन्स शिकवायची, म्हणून सगळ्यांची ‘टीचर’.

सुरुवात झाली अप्पांच्या मुलामुळे. गिरीश असतो बेंगळुरूला. एकदा तो आला तर फोन चार्ज होईना, व्हिडिओ कॉल लागेना, लॅपटॉप उघडेना! त्यानं सरळ अट घातली, “दसऱ्यापर्यंत हे सगळं नीट झालं तर ठीक. नाहीतर तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं, अप्पा.”

अप्पांचा चेहरा एवढासा झाला. केशवापूर सोडून त्यांना कुठंही जायचं नव्हतं, आणि नव्या वस्तूंची तर त्यांना धास्तीच. बसण्णा म्हणाला, “नवीन काय घेऊ नका अप्पा. ह्यातलं काय मेलेलं नाही. नुसतं झोपलंय!”

* * *

पहिला नंबर फोनचा. वायर लावली की सैल बसायची, हलवली की चार्जिंग बंद. बसण्णानं फोन आधी बंद केला, लाकडी टूथपिक घेतली आणि चार्जिंगच्या भोकात अलगद फिरवली. “टाचणी लावायची नाही हां टीचर, आतल्या पिना मोडतात,” त्यानं मला बजावलं. चाळीस वर्षं मी पोरांना बजावलं, आता माझी पाळी!

आतून खिशातला कापूस निघाला. त्याच्या मागून तपकिरी, चिकट काहीतरी निघालं. बसण्णानं हुंगून बघितलं.

“अप्पा, हा तर पेढा!”

अप्पांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय. फोन आणि पेढा एकाच खिशात, त्याचा हा परिणाम. अक्कांनी कपाळाला हात लावला, “अय्यो, ह्यांच्यापायी फोनला शुगर झाली की!”

फोन त्या दिवसापासून झकास चार्ज होतो. अप्पांनी मात्र आम्हा तिघांकडून वचन घेतलं, “दुरुस्त झाला एवढंच गिरीशला सांगा. काय निघालं ते सांगू नका.”

* * *

मग व्हिडिओ कॉल. गिरीशचं तोंड हलायचं, आवाज मागाहून यायचा, मग दोन्ही थांबायचं. वाय-फायचा राउटर कुठाय म्हणून मी शोधायला लागले. सापडला लोखंडी कपाटात! वर विणलेला रुमाल, आणि कपाटाला कुलूप.

“चोर आला तर?” अप्पा म्हणाले.

मी सायन्सचा तास घेतला. लोखंडातून सिग्नल नीट बाहेर येत नाही. राउटर उघड्यावर, उंचावर आणि घराच्या मधोमध हवा. अप्पांच्या घराच्या मधोमध, उंचावर काय आहे? देवघर!

झालं, गणपतीच्या शेजारी राउटर बसला. दुसऱ्या दिवशी बघते तर अक्कांनी त्याला हळदकुंकू लावलेलं! मी ते तसंच राहू दिलं, कारण कॉल आरशासारखा स्वच्छ लागला होता.

“अप्पा, मागे देवघरात ते हिरवं काय लुकलुकतंय?” गिरीशनं विचारलं.

“तूच,” अप्पा म्हणाले. “त्यातूनच येतोस की.”

* * *

लॅपटॉप दहा वर्षांचा. बसण्णानं आतली जुनी डिस्क काढून झटपट चालणारी नवीन डिस्क, एसएसडी, बसवली, पंख्यातली धूळ ब्रशनं झाडली. काढलेली डिस्कही टाकली नाही. तिला कव्हर घालून फोटो साठवायला ठेवली. पूर्वी सुरू व्हायला ज्याला युगं लागायची, तो लॅपटॉप चुटकीसरशी उघडला. आम्ही टाळ्या वाजवल्या!

सोमवारी सकाळी अप्पांचा फोन. “टीचर, बसण्णानं बिघडवलं! बटण दाबलं तरी अंधारच आहे.”

मी धावत गेले. कळ दाबली, स्क्रीन उजळली. चांगला चालत होता. मग उलगडा झाला. इतकी वर्षं अप्पा सकाळी लॅपटॉपचं बटण दाबून आंघोळीला जायचे. आंघोळ, पूजा, नाश्ता आटोपून येईपर्यंत तो कसाबसा उघडलेला असायचा. आता तो लगेच उघडत होता, वाट बघून कंटाळत होता आणि झोपी जात होता!

“मग आता मी आंघोळ कधी करायची?” अप्पांनी मलाच विचारलं.

* * *

बसण्णा काहीही टाकू देत नाही, अशी त्याची ख्याती. पण एकदा अप्पांनी जुना टॅब्लेट आणला. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं. ते सपाट व्हावं म्हणून अप्पांनी तो रात्रभर पाट्याखाली ठेवला होता!

बसण्णा ओरडला, “ब्याड, नको नको! दाबू नका, चार्जिंगला लावू नका, पेट घेईल! हे टाकायचं.” लगेच उठून तो स्वतः ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊन आला.

अप्पांना वाईट वाटलं. आपल्या पोटावरून हात फिरवत म्हणाले, “एवढं फुगलं म्हणून लगेच टाकतात होय?”

* * *

दसरा पंधरा दिवसांवर आला तेव्हा गिरीश तपासणीला आला. सगळं चालू! आम्ही तिघं रिझल्टच्या दिवशी पोरं उभी असतात तसे उभे होतो. पण तो म्हणाला, “वस्तू चालतात हो. पण तुम्ही पडलात-बिडलात तर मला तिथं कसं कळणार?”

त्याचंही खोटं नव्हतं.

बसण्णानं पिशवीतून एक जुना फोन काढला. जुना डेटा सगळा पुसला, सिम न घालता वाय-फायवर जोडला, कॅमेऱ्याचं अ‍ॅप टाकलं आणि हॉलमधल्या फळीवर ठेवला. “आता बेंगळुरूतून बघा की.”

“ठीक आहे, दसऱ्यापर्यंत बघतो आणि मग ठरवतो,” गिरीश म्हणाला.

“मग माझं पण एक ऐक,” अप्पा म्हणाले. त्यांनी अक्कांचा जुना फोन मागून घेतला, बसण्णाकडून तसाच तयार करवला आणि गिरीशच्या बॅगेत घातला. “हा तुझ्या स्वयंपाकघरात ठेव. मलाही बघायला मिळू दे.”

गिरीशला हसू आलं. घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी अक्कांना त्याचा घाबराघुबरा फोन. “अक्का, लवकर जाऊन बघा! तासभर झाला, अप्पा हलत नाहीत!”

आम्ही पळत गेलो. अप्पा इस्त्रीचा कोट घालून कॅमेऱ्यासमोर ताठ बसलेले. ओठ न हलवता पुटपुटले, “मुलगा बघायलाय. हालू कसा?”

त्यांना सवय व्हायला चार दिवस लागले. मग ते मजेत कोट काढून वावरू लागले. पण दुपारी चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसायचे आणि बेंगळुरूचं स्वयंपाकघर बघायचे. कोर्टातल्यासारखी वहीत टिपणं काढायचे. काय लिहिताय विचारलं तर सांगायचे नाहीत.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. बैठक भरलेली. गिरीशचा व्हिडिओ कॉल आला, शेजारी सून रश्मी. अक्का पदराचं टोक पिळत होत्या. बसण्णा जमिनीकडे बघत होता.

“अप्पा, मी ठरवलंय...” गिरीशनं सुरुवात केली.

“थांब. आधी माझं ऐक,” अप्पांनी वही उघडली. “दहा दिवस बघायलोय. गॅस एकदाही पेटला नाही. रश्मी उभ्या उभ्या बिस्किटं खाते. तुझं दुपारचं जेवण चार वाजता, तेही सिंकपाशी, पार्सलच्या डब्यातून. दोघं एकमेकांशी बोललात ते फक्त मंगळवारी, तेही चार्जर कुठाय म्हणून.”



अप्पांनी वही मिटली, चष्मा काढला.

“तुम्हा दोघांना तिथं असं एकटं ठेवणं मला बरोबर दिसत नाही. सामान बांधा, आणि हुबळीला या.”